आधी अनुभव, मग कौल

३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना स्वीडनच्या रस्त्यांवर जी मोजकी वाहने होती ती जागच्या जागी थांबली आणि सावकाश डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला गेली. पाच वाजता ती पुन्हा चालू लागली. तोवर त्या देशात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालत असे. त्या पहाटेपासून ती उजवीकडून सुरू झाली. स्टॉकहोम शहरातल्या बहुतेक ट्रामगाड्या त्याच दिवशी कायमच्या बंद झाल्या.

या बदलामागची कारणे साधी होती. शेजारचे नॉर्वे आणि फिनलंड उजवीकडून जात होते आणि स्वीडनमधल्या बहुसंख्य मोटारींची चाके आधीपासूनच डावीकडे बसवलेली होती. तरीही १९५५ मध्ये या प्रश्नावर सार्वमत घेतले गेले तेव्हा सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलाला साफ नकार दिला होता. पुढे १९६३ मध्ये संसदेने तो कौल बाजूला ठेवून कायदा केला, आणि चार वर्षांनी तो अंमलात आला. त्यानंतर पुन्हा डावीकडे जाऊ या, अशी चळवळ काही उभी राहिली नाही.

लोकशाहीवर विश्वास असणाऱ्याला ही गोष्ट जरा अडचणीत टाकते. ज्या गोष्टीला दर सहा माणसांतल्या पाच जणांनी नकार दिला, तीच गोष्ट अंगवळणी पडल्यावर कुणाला खटकेनाशी झाली. मग लोकांचे खरे मत कोणते मानायचे, १९५५ चे की नंतरचे? आणि सरकारला जर असे वाटू लागले की लोकांना आधी विचारून उपयोग नाही, तर ते वाटणे कुठे थांबवायचे? या प्रश्नाला त्याच देशाने, त्याच राजधानीत, पुढे चाळीस वर्षांनी एक वेगळे उत्तर शोधले. तोही रस्त्याचाच प्रश्न होता. शहराच्या मध्यभागातली मोटारींची गर्दी कमी कशी करायची, आणि तीही लोकांच्या संमतीने, हा तो प्रश्न.

जुन्या नाक्यांवर नवा कर

स्टॉकहोम हे बेटांवर वसलेले शहर. एका बाजूला मेलारेन सरोवर, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. मध्यभागात शिरायचे तर कुठला ना कुठला पूल ओलांडावा लागतो आणि पूल थोडेच आहेत. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ सगळ्या उपनगरांतल्या मोटारी त्याच अरुंद मुखांशी येऊन तुंबत.

या मुखांचा इतिहास जुना आहे. सतराव्या शतकात, १६२२ पासून, स्वीडनच्या शहरांत येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. त्यासाठी शहरांना कुंपणे घातली गेली आणि वाटांवर नाके बसले. १८१० मध्ये ही जकात रद्द झाली, कुंपणे गेली, पण नावे राहिली. स्टॉकहोममध्ये आजही हॉर्न्सतुल, स्कान्सतुल, नॉर्तुल, रूसलाग्सतुल अशी ठिकाणे आहेत; ‘तुल’ म्हणजे जकात. आपल्याकडे जकात गेल्यानंतरही ‘जकात नाका’ हा बसथांबा राहतोच, तसेच हे. एकविसाव्या शतकात मोटारींच्या क्रमांकपट्ट्या टिपणारे कॅमेरे बसले, ते बऱ्याच अंशी याच जुन्या वेशींच्या आसपास.

रस्त्याच्या वापरावर किंमत लावावी, ही कल्पना मात्र स्वीडिश नव्हे. कॅनडात जन्मलेले आणि न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवणारे अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री १९५० च्या दशकापासून ती मांडत होते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : गर्दीच्या वेळी रस्त्यावरची जागा दुर्मीळ असते, तरी ती फुकट वाटली जाते. फुकट वाटलेल्या दुर्मीळ गोष्टीसाठी रांग लागणारच. गर्दीत शिरणारा प्रत्येक जण स्वतःचा वेळ घालवतोच, शिवाय मागच्या सगळ्यांचा थोडा थोडा वेळ खातो. या दुसऱ्या खर्चाची पावती मात्र त्याच्या हाती कुणी देत नाही. ती द्यावी, म्हणजे ज्याचे काम अडून राहण्यासारखे आहे तो आपणहून वेळ किंवा वाट बदलेल. विक्री यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांत ते वारले.

हा विचार प्रत्यक्षात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आणला तो सिंगापूरने, १९७५ मध्ये. तिथे लोकांना विचारण्याचा प्रश्न फारसा आला नाही. लंडनमध्ये केन लिव्हिंग्स्टन यांनी २००० च्या महापौरपदाच्या निवडणुकीत ही योजना जाहीरपणे मांडली, निवडून आले आणि १७ फेब्रुवारी २००३ रोजी पाच पौंडांचे शुल्क सुरू केले. स्टॉकहोमची वाट या दोहोंहून वेगळी होती, आणि तिची सुरुवात फारशी सन्माननीय नव्हती.

मोडलेला शब्द

स्टॉकहोमला शहराच्या मध्यभागावरून झालेल्या भांडणांची आठवण ताजी होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर नॉरमाल्म भागातली जुनी क्लारा वस्ती पाडून तिथे रुंद रस्ते, कार्यालये आणि वाहनतळ उभे राहिले. मे १९७१ मध्ये भुयारी रेल्वेच्या प्रवेशद्वारासाठी राजाच्या बागेतली एल्म वृक्षांची झाडे तोडायला नगरपालिकेची माणसे आली, तेव्हा लोकांनी झाडांवर चढून आणि भोवती कडे करून ती वाचवली. नगरपालिका लोकांना न विचारता निर्णय घेते, ही भावना तेव्हापासून शहरात मुरलेली होती. १९९२ मध्ये मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर बेंग्ट डेनिस यांच्या मध्यस्थीने मोठ्या पक्षांत एक करार झाला. त्यात वळणरस्ते, सार्वजनिक वाहतूक आणि मोटारींवरचे शुल्क हे सगळे एकत्र बांधलेले होते. काही वर्षांतच तो करार विसकटला.

२००२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या आनिका बिलस्ट्रोम यांनी मतदारांना स्पष्ट सांगितले होते की, या कारकिर्दीत मोटारींवर शुल्क येणार नाही. त्या शहराच्या प्रमुख झाल्या. पण देशात त्यांच्याच पक्षाचे योरान पेर्शोन यांचे अल्पमतातले सरकार हरित पक्षाच्या पाठिंब्यावर अवलंबून होते, आणि त्या पाठिंब्याच्या बदल्यात हरित पक्षाने स्टॉकहोममध्ये शुल्काचा प्रयोग मागितला. बिलस्ट्रोम यांना शब्द फिरवावा लागला. लोकांत संतापाची लाट आली, ती योग्यच होती.

त्यात भर कायद्याच्या गुंतागुंतीची. स्वीडनमध्ये नगरपालिकेला आपल्या हद्दीबाहेरच्या रहिवाशांवर कर बसवता येत नाही, आणि या शुल्काचे स्वरूप कराचेच ठरले. म्हणून २००४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला, आणि हे शुल्क देशाचा कर बनले. पुढच्या कथेत या तपशिलाला महत्त्व येणार आहे, कारण देशाच्या कराचे पैसे शेवटी देशाच्या तिजोरीत जातात.

नावावरूनही झुंज झाली. समर्थक त्याला पर्यावरण शुल्क म्हणत. विरोधक जुन्या ‘तुल’ची आठवण करून देत मोटारजकात म्हणत. कायद्याने त्याला जे नाव दिले त्याचा सरळ अर्थ होतो दाटीचा कर. तिन्ही नावे आपापल्या परीने खरी होती. कोणते तोंडी बसते यावर मात्र बरेच अवलंबून होते.

या सगळ्या कटकटीतून एकच चांगली गोष्ट निघाली. विरोध इतका तीव्र होता की योजना थेट कायमची लादणे कुणालाच शक्य नव्हते. म्हणून तडजोड अशी झाली : ठरावीक मुदतीची चाचणी घ्यायची, मुदत संपताच कर बंद करायचा, आणि मग लोकांना विचारायचे.

सात महिने

चाचणीची पहिली पायरी करवसुलीची नव्हती. ऑगस्ट २००५ मध्ये, कर सुरू होण्याच्या चार महिने आधी, जवळपास दोनशे नव्या बसगाड्या आणि सोळा नवे बसमार्ग सुरू झाले. ३ जानेवारी २००६ रोजी कॅमेरे सुरू झाले. मध्यभागाभोवती अठरा ठिकाणी तपासणी होती. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसहापर्यंत, आत येताना आणि बाहेर जाताना, वेळेनुसार दहा, पंधरा किंवा वीस क्रोना. एका दिवसात कितीही फेऱ्या झाल्या तरी साठ क्रोनांहून जास्त नाही. रात्री आणि शनिवार-रविवारी काहीच नाही.

तपशिलांत स्थानिक शहाणपण होते. शहराच्या पश्चिमेकडून जाणारा एसिंगेलेडेन हा महामार्ग करातून वगळला होता, म्हणजे केवळ उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला मध्यभाग टाळता येई. लिडिंग्यो या बेटाचा मुख्य भूमीशी रस्त्याने असलेला संबंध करक्षेत्रातूनच जात होता. त्या बेटावरच्या माणसाने अर्ध्या तासाच्या आत क्षेत्र पार केले तर त्याला कर माफ होता. असे अपवाद कागदावर किचकट दिसतात, पण अन्यायाची ठिणगी जिथे पडणार तिथे ते आधीच पाणी टाकून ठेवतात.

पहिल्याच दिवशी रस्ते मोकळे दिसले. वर्तमानपत्रांनी आदल्या दिवसाच्या आणि त्या दिवसाच्या छायाचित्रांतून तो फरक दाखवला. अनेकांनी म्हटले, ही नवलाई आहे, ओसरेल. ती ओसरली नाही. चाचणीच्या काळात कररेषा ओलांडणाऱ्या वाहनांची संख्या सुमारे २२ टक्क्यांनी घटली, म्हणजे रोजच्या जवळपास एक लाख ये-जा कमी झाल्या. मध्यभागाकडे येणाऱ्या मुख्य रस्त्यांवर सकाळचा ताटकळण्याचा वेळ साधारण एक तृतीयांशाने आणि संध्याकाळचा निम्म्याने कमी झाला. मध्यभागातल्या वाहनांच्या धुरातले कार्बन सुमारे १४ टक्क्यांनी घटले. इथे एक गणित ध्यानात घेण्यासारखे आहे. कोंडी ही वाहनांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. रस्ता भरत आला की शेवटच्या थोड्या मोटारीच तो तुंबवतात. म्हणून पाचातली एक मोटार गेली, तरी रांग निम्मी होऊ शकते.

गेलेल्या मोटारी कुठे गेल्या? बसगाड्या आणि भुयारी रेल्वेतले प्रवासी काही टक्क्यांनी वाढले, पण सगळा हिशेब त्यात बसत नाही. लोकांना विचारले तर बऱ्याच जणांनी सांगितले की आम्ही आमच्या सवयी बदललेल्याच नाहीत. ते खोटे बोलत नव्हते. माणसाचा प्रवास आपल्याला वाटतो तितका ठरीव नसतो. बदल्या होतात, घरे बदलतात, दोन कामे एका खेपेत उरकली जातात, एखादी खरेदी शनिवारवर ढकलली जाते. दहा-वीस क्रोनांनी अशा अगणित लहान निर्णयांना हलकासा धक्का दिला, इतका हलका की ज्यांनी ते घेतले त्यांनाही तो फारसा जाणवला नाही.

गरिबांवर बोजा पडेल, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. चाचणीच्या आढाव्यात दिसले की कर भरणाऱ्यांत मध्यभागात राहणाऱ्या आणि बऱ्या उत्पन्नाच्या माणसांचा वाटा मोठा होता. याचा अर्थ कुणाही गरिबाला झळ बसली नाही असा नव्हे. रस्ता फुकट असतानाही तो सगळ्यांचा सारखा नव्हता, एवढेच त्यातून दिसले.

सहा आठवड्यांची परतफेड

३१ जुलै २००६ रोजी ठरल्याप्रमाणे कर बंद झाला. या कथेतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच. सुट्ट्या संपवून लोक ऑगस्टमध्ये शहरात परतले, तेव्हा मोटारीही परतल्या. सगळ्या नाही; काही सवयी बदलून गेल्या होत्या. पण पुलांवरच्या रांगा पुन्हा दिसू लागल्या. सार्वमत होते १७ सप्टेंबरला. म्हणजे मतदाराने जानेवारीपूर्वीचे शहर पाहिले होते, करासह सात महिने पाहिले होते, आणि कर काढल्यावरचे सहा-सात आठवडेही पाहिले होते. एखाद्या धोरणाची ‘आधी, मध्ये आणि नंतर’ अशी तिन्ही रूपे स्वतः भोगून मग मत देण्याची संधी मतदाराला क्वचितच मिळते.

लोकांचे मत त्याआधीच सरकू लागले होते. २००५ च्या शरद ऋतूत चाचणीचा निर्णय वाईट आहे असे म्हणणारे निम्म्याहून जास्त होते. पुढच्या वर्षीच्या वसंतात तो चांगला आहे असे म्हणणारे निम्म्याहून जास्त झाले. स्टॉकहोम शहराच्या सार्वमतात कराच्या बाजूने ५१.३ टक्के आणि विरोधात ४५.५ टक्के मते पडली. उरलेली कोरी होती.

विजय निर्भेळ मात्र नव्हता. आसपासच्या चौदा नगरपालिकांनी त्याच दिवशी आपापली सार्वमते घेतली, आणि त्यांची एकत्रित बेरीज ‘नको’ अशीच होती. शहराची आणि त्यांची मते एकत्र मोजली असती तर पारडे फिरले असते. कर उपनगरातल्या माणसालाही लागत होता. मग ज्याच्या मताला वजन द्यायचे तो नागरिक कोण, रस्त्याकडेला राहणारा की रस्त्यावरून जाणारा? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर तेव्हा मिळाले नाही, अजूनही कुठल्या महानगराला ते मिळालेले नाही.

त्याच दिवशी देशाची आणि शहराची निवडणूकही होती. पेर्शोन हरले, बिलस्ट्रोमही हरल्या. ज्या शहराने त्यांच्या योजनेला होकार दिला त्याच शहराने त्यांना घरी पाठवले. मोडलेल्या शब्दाची शिक्षा वेगळी आणि पटलेल्या योजनेचा कौल वेगळा, इतका बारीक भेद मतदारांनी एकाच दिवशी केला. कराला विरोध करत आलेले फ्रेडरिक राइनफेल्ट पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारने काही दिवसांतच शहराचा कौल मान्य केला, पण उत्पन्न नव्या रस्त्यांच्या कामी लावायचे ठरवले. देशाचा कर असल्याने तो अधिकार सरकारलाच होता. मोटारी कमी करण्यासाठी बसवलेल्या कराच्या पैशांतून मोटारींसाठी रस्ते, हा विरोधाभास उघड होता. पण त्या तडजोडीमुळेच कालचे विरोधक या कराचे वारस झाले. १ ऑगस्ट २००७ रोजी कर कायमचा सुरू झाला आणि वाहनसंख्येतली सुमारे एक पंचमांश घट परत आली. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याला पाठिंबा देणारे सत्तर टक्क्यांच्या घरात गेले. २०१६ मध्ये दर वाढले, एसिंगेलेडेनही कराखाली आला, आणि वाढीव उत्पन्नाचा वाटा भुयारी रेल्वेच्या विस्ताराकडे वळला.

विचारण्याची वेळ

स्टॉकहोमच्या शेजारी दुसरी शहरे ठेवली की या क्रमाचे महत्त्व कळते. एडिंबरो शहराने फेब्रुवारी २००५ मध्ये योजना सुरू करण्यापूर्वीच लोकांना विचारले. सुमारे ७४ टक्क्यांनी नकार दिला आणि योजना तिथेच संपली. मँचेस्टरमध्ये २००८ साली हेच घडले, नकार ७९ टक्के. मिलानमध्ये लोक २००८ पासून एका सौम्य शुल्काबरोबर राहत होते. २०११ मध्ये ते अधिक कडक करू का, असे विचारल्यावर ७९ टक्के मतदारांनी होकार दिला. इंग्रज आणि स्कॉट माणसे इटालियनांहून मोटारवेडी आहेत, असे कुणी म्हणणार नाही. फरक प्रश्नाच्या वेळेत होता. अनुभवापूर्वी माणसाला खर्च दिसतो, कारण तो आकड्यांत लिहिलेला असतो. फायदा दिसत नाही, कारण मोकळा रस्ता त्याने कधी पाहिलेलाच नसतो.

पण अनुभवाने मन वळतेच, असाही नियम करता येत नाही. स्वीडनमधल्याच गोथेनबर्ग शहरात १ जानेवारी २०१३ पासून असाच कर आला आणि २०१४ मध्ये, पावणेदोन वर्षांच्या अनुभवानंतर, सार्वमत झाले. सुमारे ५७ टक्क्यांनी कर नको म्हटले. तिथे मुळात कोंडी स्टॉकहोमइतकी नव्हती, आणि कराचा मुख्य हेतू भुयारी रेल्वेमार्गासह मोठ्या बांधकामांसाठी पैसा उभारणे हा होता. लोकांना कर दिसला, सुटका दिसली नाही. शिवाय पैसे आधीच बांधकामाला गुंतलेले असल्याने नकार मिळूनही कर चालूच राहिला. अनुभव घेऊन लोकांनी मत दिले, आणि ते मत कुणाच्याच कामी आले नाही.

म्हणून स्टॉकहोमचा धडा ‘आधी करा, मग विचारा’ एवढाच घेतला तर तो धोक्याचा आहे. १९६७ मध्येही आधी केले गेले होते, आणि मग विचारलेच नाही. गोथेनबर्गने विचारले, पण उत्तर ऐकण्याची मोकळीक स्वतःजवळ ठेवली नाही. स्टॉकहोमने अनुभव दिला, मग तो खरोखर काढून घेतला, आणि ‘नको’ म्हटले तर तो पुन्हा येणार नाही अशी स्थिती ठेवून विचारले. नंतर मिळालेल्या संमतीला संमती म्हणता येते ती एवढ्याच अटीवर.

आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवला गेला. लोक मुलाबाळांसह आले, रस्त्याच्या मधोमध चालले, आणि दुसऱ्या दिवशी वाहने परतली. तो दिवस सुखाचा होता, पण एका दिवसाने सवय बदलत नाही. त्याची गणना सणात होते. सवय बदलायला महिने लागतात, त्याआधी बसगाड्या लागतात, आणि मुदत संपल्यावर सगळे पूर्ववत करून ‘आता सांगा’ असे म्हणण्याची तयारी लागते. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तरीही कुठल्याही नगरपालिकेला तीच सर्वांत जड जाते, कारण तिथे लोक नाही म्हणण्याची शक्यता खरी असते.